ज्याचा फोन, त्यानंच यावं

अकोटात एसटी स्टँडाकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात बाई बसलेली दिसली की नवं गिऱ्हाईक इकडेतिकडे पाहतं आणि विचारतं, "मिस्तरी कुठी गेले?" मी हातातला चिमटा खाली न ठेवता सांगते, "मिस्तरी मीच. बोला." काहीजण तिथूनच परत फिरतात. जे थांबतात ते मात्र पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतात.

मी शिकले अमरावतीच्या आयटीआयमध्ये, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी. लग्न होऊन अकोटात आले तेव्हा रेडिओ गेले होते, टीव्ही चालले होते आणि मोबाईल आले होते. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. धाकटा दीर राजू बोलण्यात पटाईत. आम्ही दोघांनी मिळून दुकान टाकलं. तो विकायचा, मी दुरुस्त करायची. पुढं त्याचा धंदा वाढला, म्हणून मधे प्लायवूडची भिंत घातली. तिकडं नवे फोन, कव्हर, काचा आणि इकडं माझं टेबल, हॉट एअर गन, भिंग आणि मी.

या कामाबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत असते. त्यांना वाटतं, फोन मिस्तरीच्या हातात गेला म्हणजे मिस्तरीला त्यातलं सगळं दिसतं. खरं म्हणजे बहुतेक दुरुस्तीला फोन आतून बघावाच लागत नाही. चार्जिंगचा जॅक बदलायचा, डिस्प्ले बदलायचा, पाण्यात पडलेला बोर्ड साफ करून सुकवायचा, यासाठी पासवर्ड लागत नाही. तरी पुष्कळ दुकानदार फोन घेतानाच पॅटर्न विचारून घेतात आणि लोकही मुकाट्यानं सांगतात. मी विचारत नाही. फोन तयार झाला की गिऱ्हाईकानं स्वतः उघडावा, कॅमेरा, स्पीकर, आवाज माझ्यासमोर तपासून घ्यावा आणि न्यावा.

एकदा सेमाडोहकडून एक बाई आली होती. तिचा नवरा वनखात्यात रोजंदारीवर होता, तो वारला. त्याचा फोन बंद पडलेला. म्हणाली, "ताई, याच्यात त्याईचा आवाज हाये. तेवढा काढून द्या." बोर्डावर गंज चढला होता. मी तो फोन चालू केला, पडद्यावर कुलपाची खूण आली तेव्हा तिच्या हातात दिला आणि रस्त्यापलीकडं चहा प्यायला गेले. टपरीवरून मला ती दिसत होती. फोन कानाला लावून ती हसत होती. नवरा तिच्याशी काय बोलला होता ते मला आजही माहीत नाही, आणि त्यानं माझ्या मजुरीत काही कमी पडलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते. माणसांची नावं मी बदलली आहेत.

एके दिवशी दुपारी एक चांगल्या कपड्यांतला तरुण माणूस आला. काउंटरवर एक फोन ठेवला. कव्हरवर फुलं होती.

"बायकोचा फोन हाये. ते पासवर्ड विसरली. उघडून द्या."

"मंग तिलेच पाठवा न भाऊ. ते आली की पायतो."

"ते कामात हाये. मी आलो न."

"ज्याचा फोन, त्यानंच यावं लागते."

त्यानं खिशातून बिल काढून आपटलं. "हे पाहा, बिल माह्या नावावर. सिम माह्या नावावर. अजून काय पाहिजे तुमाले?"

"ते बाई पाहिजे," मी म्हटलं. "फोन तुमी घेऊन देल्ला असन. पन त्याच्यातलं तुमचं नाई."

"अकोटात काय तुमचंच एक दुकान हाये?"

"नाई. लय हायेत."

तो फोन घेऊन गेला. असे लोक महिन्यातून एखादे तरी येतातच. कोणाला बायकोचा फोन उघडून पाहिजे, कोणाला वयात आलेल्या पोरीचा, आणि एकदा तर एक सून सासूचा फोन घेऊन आली होती. मी सगळ्यांना तेच सांगते. त्या माणसाची बायको कोण, कुठं राहते, मला काही ठाऊक नव्हतं.

पुढं थंडी पडायला लागली तेव्हा रूपाली आली. पंचविशी ओलांडलेली, एका खाजगी शाळेत शिकवणारी, माहेर चांदूर बाजारचं. हातातला फोन नवा कोरा होता, तरी गरम.

"ताई, सकाळी पुरा चार्ज केला होता. पाहा न, आत्ताच संपत आला. नवा हाये, नवऱ्यानं वाढदिवसाले देल्ला."

नवा फोन असा तापत नाही. मी तिला स्टूल दिलं, फोन तिलाच उघडायला लावला आणि तिच्यासमोर फक्त सेटिंग पाहायला घेतलं. कोणतं अ‍ॅप किती बॅटरी खातं ते तिथं दिसतं. पाहत असताना ती आपल्याच तंद्रीत बोलली.

"मले आताशा येड लागल्यासारकं वाटते. मी आईसंग फोनवर काई बोललं की संध्याकाळी तेच घरी निघते. शाळेतल्या मॅडमसंग बोललं, तेही. सासूबाई म्हनते, भिंतीले कान असते. मी तं गच्चीवर जाऊन बोलतो, ताई."

माझा हात थांबला. बॅटरी खाणारं अ‍ॅप साध्याच नावाचं होतं, फोनचाच एखादा भाग वाटावा असं. पण ते कंपनीचं नव्हतं. पडद्यावर त्याची खूणही नव्हती, लपवून ठेवलं होतं. त्याला परवानग्या काय काय दिल्या होत्या ते पाहिलं. माइक, मेसेज, ठिकाण, कॅमेरा, सगळंच. फोन तिच्या पर्समध्ये होता आणि कान दुसऱ्याचे होते.

मी तोंडावर बोट ठेवलं. ती घाबरून पाहायला लागली. मी फोन बंद केला, टेबलावर ठेवला आणि तिला दुकानाच्या पायरीवर आणून सांगितलं.

"तुह्या फोनमध्ये कोनीतरी पाळत बसवली हाये, रूपाली. तू कुठी जाते, काय लिहिते, काय बोलते, सारं दुसऱ्या फोनवर जाऊन राहिलं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हनजे मी येडी नाई."

"नाई. तू येडी नाई."

"ताई, फोनचा डब्बा मले फोडलेलाच भेटला होता. मी विचारलं, तं म्हने काच लावून, सेटिंग करून आनला. तुमच्या बाजूच्याच दुकानातून. राजूभाऊच्या."

त्या भिंतीपलीकडून राजूचा हसण्याचा आवाज येत होता. कोणाला तरी कव्हर दाखवत होता.

मला काही सुचायच्या आत एक मोटारसायकल येऊन थांबली. उतरला तो तोच माणूस, फुलांच्या कव्हरवाला. रूपालीचा नवरा, नीलेश. बाजारात त्यांचं बी-बियाण्याचं मोठं दुकान आहे. बायकोचा फोन कुठं आणि कुठल्या क्षणी बंद पडला हे त्याला आपल्या दुकानात बसल्या बसल्या कळलं होतं.

"फोन काहून बंद हाये तुहा?" त्यानं तिला विचारलं. मग मला ओळखलं आणि आवाज चढवला. "आना तो फोन इकडं."

मी टेबलावरचा फोन उचलून रूपालीच्या हातात दिला. "फोन हिचा हाये. हिनं देल्ला तं न्या."

रस्त्यावर माणसं थांबायला लागली. नीलेशनं हात पुढं केला. रूपालीनं फोन ओढणीत गुंडाळून छातीशी धरला.

"नाई देत," ती म्हणाली.

आवाज बारीकच होता, पण ऐकणाऱ्या सगळ्यांना ऐकू गेला. नीलेश लोकांकडं पाहून हसल्यासारखं करून निघून गेला. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिला आमच्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील चांदूर बाजारहून आले. सरळ माणूस, शेती सांभाळून असलेला. खुर्चीच्या कडेवर बसले आणि मलाच हात जोडले.

"बाई, तुमी ते अ‍ॅप का काय म्हनता, ते काढून टाका. मी जावयाले समजावतो. आपसात मिटवू. बदनामी पोरीचीच होते."

हा मोह फार मोठा असतो. काढून टाकायला मला काहीच वेळ लागला नसता. पण ते काढलं की पुरावाही जातो. मग उद्या नवरा म्हणेल, कसलं अ‍ॅप? बाईला भास होतात. मी हे सांगितलं, अकोल्याला सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते हेही सांगितलं, पण ठरवायचं रूपालीनं होतं. फोन तिचा, संसार तिचा.

ती वडिलांसमोर खाली बसली. "बाबा, तुमच्या-माह्या बोलन्यात तिसरा मानूस बसला होता. आईच्या पोटात गाठ निघाली, तुमी रडत रडत मले सांगतलं. तेही त्यानं आयकलं. आन दुसऱ्या दिवशी मलेच म्हने, तुह्या माहेरचे नाटकं करून राहिले, पैसे मांगतीन."

वडिलांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठले आणि म्हणाले, "अकोल्याची गाडी कितीले हाये?"

निघण्याआधी मला एक काम करायचं होतं. मी राजूच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं.

"नीलेशनं बायकोसाठी नेलेल्या फोनात ते अ‍ॅप तूच टाकलं?"

त्यानं लपवलं नाही, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "हो, वहिनी. तो म्हने बायकोसाठी सुरक्षा पाहिजे. बाजारात मिळते ते. मी काई बनवलं नाई."

"तिले सांगतलं होतं?"

"तिले काय सांगाचं? नवरा हाये तो तिचा. चोर थोडी हाये."

"राजू, बाईच्या मागं मागं फिरनाऱ्याले आपून काय म्हनतो? आता तो घरी बसून फिरते, एवढाच फरक. हा गुन्हा हाये, आन त्यात तुहा हात हाये. मी अकोल्याले चालली. मले विचारलं तं मी तुहं नाव सांगीन."

त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, मी तुमच्या हाताखाली शिकलो. तुमी मले पोलिसात देता?"

"मी शिकवलं ते दुरुस्ती. हे नाई शिकवलं."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. इतक्या पातळ भिंतीतून बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही. "घरच्या मानसाले कोनी असं करते काय वो? परक्या पोरीसाठी?" माझ्या नवऱ्यानं मला अडवलं नाही. फक्त म्हणाला, "जाताना स्वेटर घे." आमच्या घरात याला पाठिंबा म्हणतात.

अकोल्याला सायबरचं काम बघणाऱ्या बाई अधिकारी भेटल्या. तरुण होत्या, बोलायला तुटक. रूपालीचं सगळं ऐकून घेतलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "अ‍ॅप तुम्ही काढलं का?"

"नाही."

"फोन परत चालू केला?"

"नाही. बंद केला तसाच आहे."

"बरं केलंत. लोक सगळं पुसून टाकतात आणि मग आमच्याकडे येतात." पंचांसमोर फोन सील झाला, तपासणीला गेला. बाईंनी रूपालीला सांगितलं, की नवरा असला तरी बायकोच्या नकळत तिच्या मेसेजवर, बोलण्यावर पाळत ठेवायचा अधिकार त्याला कायदा देत नाही. रूपालीनं ते वाक्य त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. वडिलांकडं बघत तिनं ते ऐकलं. मी तिला माझ्याकडचा जुना बटणाचा फोन दिला.

मी दिराचं नाव सांगितलं. पोलिसांनी राजूला बोलावलं, त्याचा दुकानातला संगणक नेला. त्यानं जबाबात खरं ते सांगितलं, तरी नीलेशबरोबर त्यालाही आरोपी केलंच.

मग माझी पाळी आली. गावातल्या एका व्हाट्सअ‍ॅप गटात मजकूर फिरला. स्टँडाजवळची मोबाईलवाली बाई दुरुस्तीला आलेल्या फोनमधले फोटो काढून घेते, लोकांचे संसार मोडते, सावध राहा. खाली माझ्या दुकानाचा फोटो. आठवडाभरात दुकान ओस पडलं. ठेवलेले फोनही लोक न दुरुस्त करता घेऊन गेले.

मी त्या मजकुराचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि गटाच्या अ‍ॅडमिनच्या घरी गेले. ते निवृत्त मास्तर. त्यांचा फोन मीच दोनदा दुरुस्त केलेला.

"सर, तुमच्या फोनातलं मी काही पाहिलं होतं का?"

"छे छे, ताई! मी कुठं म्हणालो तसं? मी तर आलेलं पुढं पाठवलं फक्त."

"कोणी सांगितलं म्हणून तुम्ही माझ्या दुकानावर दगड मारला असता का?"

"असं कसं म्हणता?"

"हा दगडच आहे, सर. तो परत घ्या. ज्या गटात मारला त्याच गटात घ्या. नाहीतर अकोल्याच्या बाईंचा रस्ता मला आता पाठ झालाय."

मास्तरांनी माझ्यासमोर बसून मजकूर लिहिला. शुद्धलेखनही उत्तम होतं. खाली हात जोडल्याची खूण टाकायला लागले तेव्हा मी म्हटलं, ती नको, तुमचं पूर्ण नाव टाका. टाकलं.

त्यानं गिऱ्हाईक लगेच परत आलं नाही. मी टेबल भिंतीकडचं उचलून रस्त्याकडं आणलं आणि वर एक मोठा आरसा तिरपा लावला, काम करताना माझे हात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असा. आधी लोक गंमत बघायला थांबले. मग बायका यायला लागल्या. शाळेतल्या बाया, नर्सबाया, खेड्यातून बाजाराला आलेल्या. "ताई, माहा फोन बरा हाये का तेवढं पाहून द्या." पुष्कळांचे फोन बरे होते. काहींचे नव्हते.

कोर्टात उलटतपासणी झाली तेव्हा नीलेशच्या वकिलांनी मला दोन तऱ्हांनी धरलं. आधी म्हणाले, दिराशी धंद्यातली खुन्नस म्हणून तुम्ही हे उभं केलं. मी म्हटलं, "खुन्नस असती तर मी घरातली भांडी वेगळी केली असती. आम्ही तेव्हा एकाच चुलीवर जेवत होतो."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "फोन तुमच्या हातात उघडा होता. फिर्यादी बाईचे मेसेज, फोटो, कोणाकोणाशी बोलणं, हे तुम्हाला दिसलं असेल."

"नाही. मी सेटिंग पाहिलं."

"पाहू शकला असता?"

"हो."

"नवऱ्याला संशय होता तो खरा की खोटा, हे जाणून घ्यावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"नाही, साहेब. संशय खरा असता तरी अ‍ॅप कायदेशीर झालं नसतं."

रूपाली माझ्याकडं बघत नव्हती, ती ताठ समोर बघत होती.

निकाल अजून लागायचा आहे. रूपाली अमरावतीला असते, तिथल्या शाळेत शिकवते, खोली करून राहते. घटस्फोटाचा अर्ज तिनंच टाकला. आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं.

आमच्या घरचं मात्र व्यवस्थित झालं नाही. राजूनं प्लायवूड काढून विटांची भिंत बांधली. पलीकडचा आवाज आता येत नाही. चुलीही वेगळ्या झाल्या. सासूबाई त्याच्याकडं राहतात. मी त्यांच्या पाया पडायला जाते तेव्हा त्या आशीर्वाद देतात आणि दुसरीकडं बघतात. याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण तोच दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा अकोल्याचीच गाडी पकडीन. राजूची मुलगी आता अमरावतीला कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली आणि फोन बिघडलेला असला की ती वडिलांच्या दुकानावरून सरळ पुढं चालत येते आणि माझ्या टेबलावर ठेवते. राजू बघतो.

हे लिहिण्याआधी मी रूपालीला फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिवा, ताई. नाव बदला. पन मी नाई देत म्हटलं होतं, ते बदलू नका."

या अंकासाठी लेख मागणारे संपादक भले गृहस्थ आहेत. मी गोष्ट थोडक्यात सांगितली तेव्हा त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग जरा घसा साफ केला. गावातल्या लग्नात, विहारात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत मला जे विचारलं जातं तेच त्यांनीही विचारलं. "ताई, राग मानू नका, पण वाचकांना उत्सुकता राहील. त्या मुलीच्या फोनमध्ये असं होतं तरी काय?"

मी म्हटलं, "राहू द्या."